जुनेराचा काठ

मॅडम, दुपारी कॉलेजातून आले तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. मी शिकवते त्या वर्गातली एक मुलगी, कळंबजवळच्या खेड्यातली, तास संपल्यावर थांबली. जुन्या साड्यांची तान्ह्या बाळांसाठी दुपटी शिवून विकायची म्हणते. तुमची गोष्ट मीच वर्गात सांगितली होती, तिथूनच हे तिच्या डोक्यात शिरलं. "मॅडम, चालंल न हे? तुम्ही हो म्हटलं की बाबाले सांगाले मले बरं." नाही चाललं तर शिक्षण बंद, दिवाळीनंतर लग्न. उद्या सांगते म्हणाले. गोष्ट सांगताना मी तिला आमची भीती सांगितलीच नव्हती.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. दिग्रसच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या नुसत्या उभ्या असायच्या आणि होस्टेलवरच्या मुली एकेक करून घरी परतायच्या. आम्ही तिघी उरलो होतो. तुमच्या तासाला शिकलेल्या शिवणकामावर वर्ष काढायचं ठरवून बाजारातून कोरं, फुलाफुलांचं कापड आणलं, दुपटी शिवली, कडक इस्त्री केली आणि दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन बसलो. एका म्हातारीने दुपटं उचललं, चुरगाळून पाहिलं आणि परत टाकलं. "नवं कापड? अन् बारशाच्या आधी लेकराले? शिकून राह्यल्या का येड्या होऊन राह्यल्या, पोरीहो?" सगळ्या बायका हसल्या. आम्हाला का हे माहीत नव्हतं? आम्ही स्वतः आजीच्या लुगड्यात गुंडाळून वाढलेल्या. पण विकायची वस्तू म्हणजे ती नवीकोरीच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या संध्याकाळी मी तुमच्या स्वयंपाकघरात उंबऱ्याशी बसून रडते आहे. तुम्ही भाकरी थापताय, मागे वळूनही पाहत नाही. "काहून रडतं? रडून झालं की ती मेथी निवड." मेथी निवडून होते तेव्हा कुठे बोलता. "ज्या घरी पोरगी बाळंतपणाला आली, त्या घरी जा. तिच्याच आजीचं जुनेर लुगडं मागा अन् शिवून द्या." मी विचारते, चालेल का? "मले काय माहीत?"

केवढा राग आला होता मला त्या उत्तराचा! पण रविवारी चपला घालून तुम्हीच आमच्या पुढे निघालात. पहिल्या दोन घरांतून आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. तिसऱ्या घरच्या काकूंनी पेटीतून लुगडं काढून दिलं आणि भिंतीवरून शेजारणीला हाक मारली, "अवो, पोरी येऊन राह्यल्या, जुनेर काढा!" मग ती हाकच आमच्या पुढे घरोघर गेली. पहिलं दुपटं मी जरीच्या काठासकट शिवलं, सुंदर दिसतं म्हणून. तुम्ही ते सगळंच्या सगळं उसवायला लावलंत. "काठ बाळाले टोचते. सुंदर कोणाले पाह्यचं हाय?"

कॉलेज सुटताना तुम्ही तुमची धुऊन धुऊन मऊ झालेली निळी साडी मला दिलीत, माझ्या लेकरासाठी. लेक झाली तेव्हा तुम्ही हयात नव्हता. कात्री हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे. ती वाढली जावेच्या साडीतल्या दुपट्यात.

उद्या त्या मुलीला मी हो म्हणणार नाही. मला माहीत नाही, असंच सांगेन, आणि रविवारी चपला घालून तिच्याबरोबर निघेन. आपण फिरलो ती गल्ली आता तेवढी ओळखीची राहिलेली नाही. दारं उघडतील की नाही, याची आत्ताही भीती वाटते. तुम्हालाही अशीच भीती वाटत होती का, त्या रविवारी?

पहिल्या दुपट्यासाठी तुमची साडी तिला देते आहे. आत्ताच काढली. काठ कापून घेतला. विचारलं तर सांगेन, बाळाला टोचतो म्हणून. ते खरंच आहे. पण तो काठ मला ठेवायचा होता, मॅडम. हा कागद त्यातच गुंडाळून ठेवते.