राणीच्या हनुवटीवर गोंदण

चामोर्शी, मंगळवार, संध्याकाळ

शाळेत गुरुजी म्हणायचे, आधी कविता पाठ करा, मग अर्थ विचारा. आताचे माझे चित्रकलेचे सरही तसेच! जुन्या राजघराण्याच्या चित्राची तैलरंगात हुबेहूब नक्कल साधल्याशिवाय जिवंत चेहऱ्याला हात लावायचा नाही. आणि मला तर आमच्या हिलाच रंगवायचंय.

आज नकलेतली राणी पूर्ण झाली. ही चहा घेऊन आली आणि हसतच सुटली. "अवो, माह्यं गोंदण तिले काऊन देलं?"

पाहतो तर राणीच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके! माझा हात तिथे कधी गेला? पुसायला बोळा घेतला, तर ही स्टूल ओढून खिडकीपाशी बसली.

"आता मलेच काढा. तुमच्या सरले मी पाहून घेतो."

बोळा ठेवून कोरा कॅनव्हास लावला. किती वर्षांनी ही माझ्यासमोर नुसती बसली!