हंडे ओतले त्या दिवसापासून

१० मार्च १९७३
टाकीत जेमतेम दीड फूट पाणी. नळ एक दिवसाआड, अर्धा तास. रांगेत पहिली ठकूबाई, दुसरं कोण असणार! म्हणाली, "भाऊ, पान्याला औषधाचा वास लई मारतोय." म्हटलं, क्लोरीन आहे, पटकी होण्यापेक्षा वास बरा. "तुमी शिकल्याली मानसं, तुमास्नी ठावं." टोमणाच असावा. सौ. म्हणते, या बाईशी वाद घालण्यातच तुमची पंपावरची नोकरी संपणार.

१२ मार्च
आजच लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.
सकाळी नळ सुटून हंडे भरत आले आणि औषधाच्या खोलीतून फुस्स... क्लोरीनच्या सिलिंडरची तोटी गळत होती. हिरवट पिवळा धूर, जमिनीलगत सरपटणारा. मास्क कपाटात. नवा आहे, खराब होईल म्हणून कुलपात! किल्ली ओव्हरसियर साहेबांकडे, साहेब नगरला. ओला पंचा तोंडाला बांधून आत शिरलो, दोन पावलांत परत. छातीत नुसता जाळ.
आणि मी ओरडलो, "पाणी आणा! ओता त्याच्यावर!"
दोन दिवसांनी मिळालेलं पाणी. एकीनेही मागेपुढे पाहिलं नाही. ठकूबाई सगळ्यांत पुढे. आपला हंडा, कळशी, मग शेजारणीचा हंडा. धूर कमी होईना, दुप्पट झाला. ती दारातच बसली, मग आडवी झाली. पायाला धरून ओढली मी तिला.
नऊ बाया ट्रकने नगरच्या दवाखान्यात. दुपारी नगरचा मेकॅनिक आला. मास्क घालून आत गेला, तोटीवर टोपण आवळून पाच मिनिटांत बाहेर. पाच मिनिटं!

१३ मार्च
मेकॅनिकने विचारलं, "पाणी कुणी घातलं?"
मी रिकामे हंडे गोळा करायला लागलो.
म्हणाला, गळतीवर पाणी कधीच घालायचं नसतं. क्लोरीन ओला झाला की ॲसिड होतं, तोटीच खातं, भोक मोठं होतं. पाण्याच्या उबेने गॅस आणखी उसळतो. माणसांना वाऱ्याच्या उलट दिशेला उंचावर पळवायचं, बस.
बस.
साहेबांनी जबाब घेतला. "बायकांनी घाबरून आपणहून पाणी ओतले." खाली माझी सही. अक्षर नेहमीसारखंच छान आलंय, लाज नाही त्यालाही.

१९ मार्च
नगरला जाऊन आलो. आठ जणी घरी आल्या, ठकूबाई अजून तिथेच. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणाले, हंडा पुन्हा उचलता येईलसं वाटत नाही.
मला बघून उठून बसली. "भाऊ, इझला नव्हं त्यो वायू? आमच्या पान्यानं गाव वाचलं म्हनत्यात समदी."
मी म्हणालो, हो.
"तुमी वरडला म्हनून बरं. न्हाईतर आमी पळालोच असतो की."
एस.टी.त बसल्यावर रडू आलं. शेजारच्याने तंबाखू पुढे केली.

२९ मार्च
सरपंच घरी आले. पाडव्याला नऊ बायांचा खण-नारळ देऊन सत्कार. मला फेटा. "तुमचं डोकं वेळेवर चाललं म्हणून." बायांनीच सांगितलंय गावभर, भाऊंनी हुकूम दिला. तिकडे माझ्या जबाबावर साहेबांचा शिक्का पडलाय. दोन्हीकडे सुटलो तो मीच.
जाता जाता म्हणाले, औषधाच्या खोलीबाहेर दोन पिंपं कायम भरलेली ठेवा. पुन्हा झालं तर पाणी हाताशी हवं.
तोंड उघडलं होतं. चहा घेणार का, एवढंच विचारलं.

२ एप्रिल
नवा सिलिंडर आला. मास्क आता खिळ्याला. पिंपं दारात, काठोकाठ. बाया आपल्या वाट्यातलं तांब्या तांब्याभर पाणी घालून जातात. माझं जेवणावरचं मन उडालंय. सौ.ला आज सगळं सांगितलं. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? हंडे काय मी ओतले?"

४ एप्रिल, पाडवा
सकाळी दोन्ही पिंपं रिकामी केली. रांगेतल्या बायांच्या हंड्यांत. का म्हणून विचारलं, तर म्हटलं सणाचं पाणी. पुन्हा खोटं.
आत्ता शाळेच्या ओट्यावर आहे, ही पानं खिशात होती. खुर्च्या मांडून झाल्या. ठकूबाई परवा घरी आली. पहिल्या ओळीत, नवं लुगडं, दम खात खात बसली आहे. मघाशी मला खुणेने जवळ बोलावलं.
"भाऊ, पिंपं रिकामी दिसली. पुन्यांदा वायू सुटला, तर आमी काय वतायचं?"
सरपंच माईकवर बोलताहेत. पुढचं नाव माझं. फेटा बांधणारा मागे येऊन उभा राहिलाय, म्हणतो मान सरळ ठेवा.