नाव न घेता केलेली प्रार्थना

प्रिय ताईस,

धाकटीचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम. भावजींना सलाम, भाचीला पापा (लग्नाला आली म्हणून काय झालं, मावशीला ती अजून फ्रॉकातलीच). तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. माझी कंबर बरी आहे, रक्तदाब बरा आहे, आणि मन तर इतकं शांत आहे की विचारू नकोस. म्हणजे तू विचारणार नाहीसच, कारण आपलं बोलणं बंद आहे. तरी मी लिहितेय. दोघींत आधी कोण वाकलं हे कुणी लक्षात ठेवायचं कारण नाही. (मी वाकले.)

आधी भांडणाची उजळणी करते, कारण तू ते सगळ्यांना चुकीचं सांगत असशील. तू फोनवर म्हणालीस, लग्नात जेवणानंतर नाच आहे. मी म्हटलं, जिथे नाच तिथे मी नाही, आणि जिथे मी नाही तिथे माझा केकही नाही. तू म्हणालीस, बरं. आणि फोन ठेवलास! अगं, इथल्या प्रत्येक नवरानवरीने माझ्या भट्टीतला केक कापलाय, ज्यांचं पुढे पटलं नाही त्यांनीसुद्धा. आणि सख्ख्या भाचीचा केक परक्या बेकरीतून येणार, तर तुझ्या तोंडून नुसतं 'बरं'? निदान थोडी गयावया करायचीस. मला फार लागलं ते. पण मी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. मी फक्त चर्चच्या मंडळीला प्रार्थनेला लावलं.

आमच्या मंडळीत प्रार्थनेची साखळी आहे. कुणाला अडचण आली की तो मला कळवतो, मी नर्सबाईंना फोन करते, नर्सबाई ऑर्गनवाल्या मास्तरांना, असं करत करत शेवटचा फोन घड्याळजींच्या आईंना जातो. मग आईंनी मला उलट फोन करून विनंती म्हणून दाखवायची, हा नियम मीच घातलाय. (लोक पदरचं घालतात. मागे एकाच्या दाढदुखीचं शेवटच्या माणसापर्यंत जाईतो ऑपरेशन झालं होतं.) तर मी विनंती घातली, की ओळखीतल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करा. नाव घेत नाही, निंदा नको. ती हट्टी आहे, आपलंच खरं करते, सख्ख्या बहिणीशी अबोला धरून बसलीय, आणि आपलं काही चुकतंय हे तिच्या गावीही नाही. नाव घेतलं नाही, पण आवाजात असा एक उसासा घातला की शहाण्याने ओळखावं, ही थोरली.

मग काय सांगू, लोक माझ्याशी एकदम गोड वागायला लागले. नर्सबाई सूप घेऊन आल्या आणि कितीतरी वेळ माझा हात दाबून बसल्या. ऑर्गनवाले मास्तर, जे एरवी माझ्या गाण्याकडे कानाडोळा करतात, त्यांनी पश्चात्तापाचं गीत वाजवलं आणि कडव्याकडव्याला माझ्याकडे पाहून मान हलवली. पाळकसाहेब दुकानात आले, त्यांना मुळीच न आवडणारा बन घेतला आणि म्हणाले की बदलायला कधीच उशीर झालेला नसतो. मी म्हटलं, अगदी खरं, तिला कुणीतरी हे सांगायलाच हवं. ते जरा गोंधळले आणि बन तिथेच विसरून गेले. मला वाटलं, बहिणीसाठी मी किती झुरतेय याचं सगळ्यांना कौतुक आहे.

शेवटी घड्याळजींच्या आईंचा फोन आला. विनंती शब्दन् शब्द जशीच्या तशी पोचली होती, कुणी पदरचं काही घातलं नव्हतं. मी शाबासकी देणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पोरी, स्वतःचे दोष असे चारचौघांत सांगायला छाती लागते. नाव घेतलं नाहीस, पण आम्ही सगळ्यांनी पहिल्या वाक्यालाच ओळखलं."

ताई गं! खरं सांगायची हीच वेळ होती. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, प्रभूची कृपा.

रविवारी तर कहरच. पाळकसाहेबांनी उपदेशात, नाव न घेता, नम्रता कशी असावी याचा दाखला दिला. अख्खं देऊळ वळून माझ्याकडे पाहायला लागलं. मी मान खाली घातली. (फार नाही, चेहरा दिसेल इतपत.) घरी येताना मी यांना म्हटलं, लोकांचा केवढा गैरसमज झाला बघा, आणि हसले. हे हसले नाहीत. छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "मला वाईट वाटलं ते एवढंच, की तू मला आधी न सांगता मंडळीला सांगितलंस. पण मीही रोज प्रार्थना करत होतो."

म्हणजे यांनीसुद्धा! ज्या माणसाला घरात मीठ कुठे असतं ते सापडत नाही, त्याला मी बरोबर सापडले.

मग मी दुकान उघडलं, एप्रन बांधला आणि पिठाच्या पोत्यावर बसून रडले. हट्टी, आपलंच खरं करणारी, अबोला धरणारी, एकेक शब्द मापाने शिवल्यासारखा मलाच बसत होता. डोळ्यातल्या कुसळामुसळाची गोष्ट मी मुलांच्या वर्गात किती वर्षं शिकवतेय, पण मुसळ नेहमी दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात असायचं. मग मी तिथेच प्रार्थना केली, की प्रभू, ज्यांना आपले दोष दिसतच नाहीत त्यांच्यासारखी मी नाही, म्हणून तुझे आभार... आणि जीभ चावली. बघ ना, पश्चात्ताप होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच त्याचाही तोरा!

तुझी फार आठवण येते, ताई. तुझ्या त्या 'बरं'चीसुद्धा. माझं चुकलं.

तुझीच,
धाकटी

ता.क. नाचाबद्दल माझं मत बदललेलं नाही. फक्त संगीत चालू असताना हे कुठे उभे असतील, आणि त्यांनी हात पुढे केला तर मी काय करावं, तेवढं भाचीला विचारून ठेव.

ता.क. दुसरा. केक तयार आहे. तीन मजली. तू लग्न ठरल्याचं कळवलंस त्याच दिवशी मी सुकामेवा भिजत घातला होता, आणि 'माझा केक नाही' म्हणून फोनवर तुला सुनावत होते तेव्हाही एका हाताने तोच ढवळत होते. (संत्र्याच्या रसात भिजवलाय. आणि थोड्या रममध्ये. प्रभूला माहीत आहे, मंडळीला कळवू नकोस.) परक्या बेकरीला नाही म्हणून टाक. मला येऊ दे. मागच्या बाकावर बसेन.

ता.क. तिसरा. साखळीवर या आठवड्याची नवी विनंती कालच गेली: एका थोरल्या बहिणीने आपल्या मूर्ख धाकटीला दारात घ्यावं. नाव घेतलेलं नाही. पण ताई, या वेळी ती खरोखर तुझ्याबद्दलच आहे, आणि सगळी मंडळी वाट पाहतेय. नुसतं 'बरं' म्हटलंस तरी चालेल.