मधेच थांबणारी मशीन

३ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद घे, आणि आधी पोटभर हसून घे. पाच वर्षांपूर्वी अण्णांशी भांडून घर सोडताना तू खोक्यात भरून ठेवलेला सीएनसी राउटर, लॅपटॉपच्या हुकमावर लाकूड कापणारी तुझी ती मशीन, मी बाहेर काढलाय. हो, मीच. जिला नवा फोन सुरू करून द्यायलाही माणूस लागतो, तीच तुझी शिवणकामवाली ताई.

इकडे सगळं ठीक. अण्णाही ठीक.

कशाला काढलास, असं विचारू नकोस. सध्या कपडे कमी येतात, आणि हात रिकामे राहिले की डोकं नको तिकडे धावतं. तर सांगाडा जोडला, चार स्क्रू उरले. ते कुठले हे मला कळलं नाही आणि मशीननेही तक्रार केली नाही, म्हणून बरणीत टाकून दिले. मग लॅपटॉपवर उजवीकडे म्हटलं की स्वारी डावीकडे निघायची; एका मोटरच्या वायरी मी उलट्या लावल्या होत्या. ते निस्तरलं, तर लाकडात पहिला गोल आला तो अंड्यासारखा. शिलाई मशीनचा पट्टा सैल झाला की टाके बिघडतात, तसंच काहीतरी असेल म्हणून चाचपत गेले, आणि खरंच एक पट्टा ढिला निघाला. मला माझं इतकं कौतुक वाटलं की चहा करून घेतला.

पुढचं मात्र माझ्या डोक्यावरून जातंय. लाकूड कापता कापता मशीन मधेच थांबते. लॅपटॉप म्हणतो, संपर्क तुटला. कधी सुरुवातीलाच, कधी निम्म्यात. मी कशालाही हात लावलेला नसतो, नुसती बघत उभी असते. काय करू ते सांग. फोन करू नकोस, बोललेलं माझ्या लक्षात राहत नाही. लिहून पाठव.

तुझी गोंधळलेली
ताई


१९ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र समोर ठेवून एकेक केलं. लॅपटॉपची वायर आखूड आणली आणि कापणाऱ्या मोटरच्या वायरीपासून लांब ठेवली. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. भुसा ओढणारा पाइप काढून टाकला. फ्रिज बंद ठेवून पाहिला. दूध नासलं आणि मशीन थांबायची ती थांबलीच. ती मला ओळखते आणि मी तिला आवडत नाही, अशी माझी आता खात्री झाली आहे.

तू विचारलंस, त्याच लाईनवर आणखी काय आहे? सुरू होताना विजेला झटका देईल असं? घरातलं सगळं मांडून पाठव म्हणालास. घे. तुझ्या खोलीत राउटर. स्वयंपाकघरात फ्रिज. मागे पाण्याचा पंप. पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन. अण्णांच्या खोलीत पंखा. बस, एवढंच.

अण्णा काय म्हणतात, हेही शेवटी बारीक अक्षरात विचारलंस. काही म्हणत नाहीत. "हे सुतारकाम नव्हे, खेळणं आहे," असं पूर्वी येताजाता ऐकवायचे, तेही आता नाही. भुसा आत जाऊ नये म्हणून मी त्यांच्या खोलीचं दार लावते आणि ते मला पुन्हा किलकिलं करायला लावतात. मला तर काहीच समजेनासं झालंय.

तू हुशार आहेस. एवढ्यावरून शोधून काढ.

ताई


२ मार्च

बारक्या,

काल मशीन थांबली नाही. अख्खा गोल कापून निघाला. मी काहीच वेगळं केलं नव्हतं, त्यामुळे आनंद व्हायच्या आधी चक्रावलेच. "अण्णा, झालं बघा!" म्हणून ओरडले. तशीच त्यांच्या खोलीत गेले.

अण्णांच्या खोलीत पंखा आहे आणि ऑक्सिजनचं यंत्रही आहे. ते मी तुला लिहिलं नव्हतं. त्यांची फुप्फुसं गेली आहेत. जन्मभर सुतारकाम करताना लाकडाचा भुसा छातीत घेतला, असं डॉक्टर म्हणतात. दम लागला की यंत्र लावायचं, उतरला की बंद करायचं, बटण त्यांच्या हाताशी असतं. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. मी फोन टाळले ते यासाठीच, मागे यंत्राची घरघर ऐकू आली असती. आणि राउटर लावायला त्यांनीच सांगितलं. म्हणाले, "तो काय सोडून गेला ते एकदा चालताना ऐकू दे."

काल ते यंत्र बंद करून बसले होते. ओठ निळे, पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मी बटण दाबलं, नळी लावली, पाठ चोळत बसले. दम उतरल्यावर त्यांनीच विचारलं.

"झालं का पुरं?"

"अण्णा, हे काय करून बसलात?"

"माझं सुरू झालं की त्याचं बंद पडतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. कान आहेत मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तू त्याची मशीन बंद ठेवली असतीस."

मी रागावले, रडले, आणि लाज वाटते सांगायला, हसलेसुद्धा. तुझ्याकडे उपाय मागत होते आणि कारण मीच दडवून ठेवलं होतं. तू बिचारा फ्रिजच्या मागे लागलास. उपाय आता मलाही कळतो. दुसऱ्या लाईनवरून वायर ओढली की झालं, वायरमन आज येतोच आहे. पण पाच वर्षं तुझं नाव न काढणारा माणूस तुझ्या मशीनसाठी स्वतःचा श्वास का अडवून धरतो, हे मला कोणता वायरमन सांगणार? मला भीती वाटते रे. रात्री मी त्या बटणावर नजर ठेवून झोपते.

सकाळी त्यांना सांगितलं, मी शपथ मोडतेय, बारक्याला कळवतेय. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. नाही म्हणाले नाहीत.

डॉक्टर मोजून काही सांगत नाहीत, मुलाला बोलावून घ्या म्हणतात. तर हे बोलावणं आहे. जमलं तर ये, तुझ्या सोयीनं ये, असं लिहायची माझी सवय तुला माहीत आहे. या खेपेला तसं लिहीत नाही.

नीघ.

ताई