पिपिटच्या तळाचं बूच

बर्मिंगहॅम, शनिवार दुपार

तीर्थस्वरूप हिल्डा आत्यास सिरिलचा नमस्कार.

माझं आयुष्य बदललं तो क्षण म्हणजे गेल्या मंगळवारी, कारखान्यात चहाची शिट्टी व्हायच्या जरा आधी, मी अंगठ्यानं एक रबरी बूच दाबलं तो. बाकी सर्व क्षेम. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या पिपिट गाडीत अजून पाणी साचतं का? (साचत असणारच. आपली विचारायची रीत.)

मी इतिहासाचं कॉलेज मध्येच सोडलं तेव्हा तू म्हणालीस, एखादा तरी इतिहास पुरा कर रे मेल्या. घे, हा आमच्या पिपिटचा. देशाला छोटी, स्वस्त गाडी हवी म्हणून आमच्या कारखान्याच्या थोर साहेबांनी ती आखली. इतकी छोटी, की आत माणसं न्यायची की सामान, हे घरूनच ठरवून निघावं लागतं. चाचण्या घेतल्या त्या नेमक्या कोरड्या उन्हाळ्यात. इंग्लंडात पाऊस पडतो ही बातमी गाड्या विकून झाल्यावर कारखान्यात पोचली. तळाच्या पत्र्याचा सांधा उलटा जोडलेला, त्यामुळे रस्त्यावरचं पाणी थेट गिऱ्हाइकाच्या बुटात. तक्रारी आल्या. पण साहेबांनी सांधा बदलला नाही. पाणी बाहेर जावं म्हणून तळाला भोक पाडलं. मग भोकातूनही पाणी आत येऊ लागलं, म्हणून भोकाला बूच. याला आमच्याकडे सुधारित आवृत्ती म्हणतात.

आता भोक पाडणार पत्रेवाले, म्हणजे माझी युनियन. बूच रबराचं, म्हणून ते लावणार सीटच्या गाद्या शिवणारे गाद्यावाले, म्हणजे मेव्हिस. (हो, तीच. कॉलेज सोडताना बाबांना मी 'श्रमिकांशी बांधिलकी' असं कारण दिलं होतं. बांधिलकी एकाच श्रमिकाशी होती.) मंगळवारी एक बूच काही केल्या बसेना. तिची बोटं लाल झाली होती. मी पुढे झालो आणि दाबलं. टप्पकन बसलं. मेव्हिस हसली. माझं सुख तेवढंच, कारण मागे तिचा बाप उभा होता : विल्फ प्रॉबर्ट, गाद्यावाल्यांचा पुढारी.

"बंधू ट्रँटर, हे काम कुणाचं?"

"ज्याला अंगठा आहे त्याचं," मी म्हटलं. (माझं डोकं तुला माहीतच आहे.)

"आज बूच लावलंस, उद्या शिवणयंत्रावर बसशील! चला रे, सगळे बाहेर!"

सगळे म्हणजे खरंच सगळे. गाद्यावाले बूच पळवलं म्हणून गेले. पत्रेवाले मला दम भरला म्हणून गेले, आणि मी काय केलं ते फाटकाबाहेर कळल्यावर माझ्याच नावानं ओरडू लागले. रंगवाल्यांना कारण कळलं नाही, पण ऊन छान पडलं होतं. साहेबांनी पेपरवाल्यांपुढे देशासाठी गळा काढला. आतून खूश असावेत. न खपलेल्या पिपिट मागच्या अंगणात गवतात उभ्या होत्या.

गुरुवारी तडजोड झाली. यापुढे बूच कुणीच लावायचं नाही. पाकिटात घालून गाडीबरोबर गिऱ्हाइकाला द्यायचं. (ही आणखी सुधारित आवृत्ती.) आणि मला वाळीत टाकलं. हे आमच्याकडे मोठ्या शिस्तीनं होतं. चहाची किटली माझ्या कपावरून पुढे जाते. माझ्याकडचा पाना हवा असेल तर भिंतीला विचारतात, "काय गं भिंती, त्या कॉलेजवाल्याचं झालं का?" मेव्हिसही बोलत नाही. बोलली तर तीही वाळीत, आणि टाकणार सख्खा बाप. काल शेजारून गेली ती मान ताठ करून, जणू मी गवतातली पिपिट.

तेव्हा आत्या, प्रेम, पिपिट आणि श्रमिकांची एकजूट या तिन्हींचा मी कायमचा त्याग केला आहे. सोमवारी राजीनामा, मग परत कॉलेज. त्या मुलीचं नाव या पत्रात पुन्हा येणार नाही. बाबांना कळव.

तुझा भाचा,
सिरिल

ता. क. बाबांना इतक्यात कळवू नकोस. आत्ता कोटाच्या खिशात एक रबरी बूच सापडलं. त्याला गादी शिवायचा लाल दोरा, फुलासारखी गाठ मारून. अशी गाठ मेव्हिसच मारते. उद्या दिवसभर तुझी पिपिट मिळेल का? समुद्रावर जाऊन येतो. तळाला बूच लावूनच परत करीन.

ता. क. २. दार वाजलं. मेव्हिस असेल म्हणून धावलो, तर विल्फ. माझ्या हातातलं हे पत्र वाचून म्हणाला, "बहिष्कार फाटकाच्या आत. बाहेर तू माणूस आहेस, पोरा. उद्या मी मागच्या सीटवर बसणार. हॅमची सँडविचेस माझ्याकडून."

मी म्हटलं, "बूच तेवढं लावतो आधी."

"हात लावून बघ! ते काम मेव्हिसचं. ती खाली उभी आहे."

आत्या, आयुष्यात पहिल्यांदा मी वाद घातला नाही. पत्र टाकत बसत नाही, आम्हीच घेऊन येतोय. किल्ली काढून ठेव. ही ओळ जिन्यात, विल्फच्या पाठीवर कागद ठेवून लिहितोय. बूच खिशात आहे, हात लावलेला नाही. दार ओढून घेतलं.