माय जपावी

माय, तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी अजून एक गोष्ट पोटात घेऊन बसले आहे. तुझ्या पोथीतल्या एका शब्दाची ती गोष्ट. तो शब्द तुला सांगायला मी एकदा मुद्दाम माहेरी आले होते आणि न सांगताच परत गेले. आता तोच शब्द फिरून माझ्या घरात आला आहे. नव्या सुनेला त्याचा खरा अर्थ कळला तर आमचं जमलेलं सगळं विस्कटेल, या धास्तीत मी वर्ष काढलं. काल त्याचा निकाल लागला, म्हणून लिहायला बसले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, तेव्हा अक्षरं बोराएवढी आली आहेत. चालवून घे.

तू आमच्या घरी आलीस तेव्हा मी सात वर्षांची. जन्मदातीला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मोताळ्याच्या बाजारातून बैल आणावा तसं बाबांनी तुला आणलं, असं मला वाटायचं. शेजारच्या बाया शिकवायच्या, "तिले मावशी म्हन वो." मी मावशीही म्हटलं नाही. तू फणी हातात घेतलीस की मी गोठ्यात पळायचे. केसांच्या जटा झाल्या, उवांनी डोक्यात बिऱ्हाड केलं, पण तुझा हात लागू दिला नाही. तू एकदाच बोललीस, तेही शांतपणे. "पोरी, राग माह्यावर हाय तं माह्यावर काढ, केसायवर काऊन काढतं?" मी आणखीच रागावले.

मग चातुर्मास लागला आणि तू पोथी लावलीस. तुझे वडील गावच्या शाळेत मास्तर होते, त्यांनी तुला अक्षरं शिकवली होती. आख्ख्या गल्लीत वाचता येणारी बाई तू एकटी. दुपारची जेवणं आटोपली की बाया ओसरीवर येऊन बसतात, मांडीवर कापूस घेऊन वाती वळतात, आणि तू सुटं पान पुढे धरून, प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवत, हळूहळू वाचत जातेस. मी खांबाआड. पोथीशी माझं भांडण नव्हतं. आई गेल्यापासून घरात कुणी इतका वेळ, इतक्या सुरात बोललंच नव्हतं, म्हणून मी ऐकायचे. अर्थ निम्मा कळायचा नाही, तरी छातीतलं दुखणं त्या तासाभरात शमायचं. आणि एका अध्यायाच्या शेवटी तू वाचलंस, मनुष्यानं दोन्ही वेया माय जपावी.

मी वाती वळणाऱ्या बायांकडे पाहिलं. कुणी वर मान केली नाही. म्हणजे देवानं हे एकट्या मलाच सांगितलं होतं! देव बाबांसारखा नव्हता, त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धाकटी घागर उचलली आणि तुझ्यामागे विहिरीवर आले.

"काऊन वो, आज सूर्य कुठून निंघाला?" तू म्हणालीस.

"पोथीत सांगतलं हाय. माय जपाची म्हून. दोन्ही वेया."

तू दोर सोडता सोडता थांबलीस. मला वाटलं हसशील. तू विहिरीत पाहत म्हणालीस, "हाव. सांगतलं तं हाय." त्या दुपारी मी आपणहून तुझ्यापुढे पाठ करून बसले. जटा सोडवायला तुला दोन दिवस आणि वाटीभर करडीचं तेल लागलं. दुसऱ्या दिवशी वेणी घालून झाली तेव्हा मी तुला पहिल्यांदा माय म्हटलं. म्हणायला सोपं गेलं.

पुढे लग्न झालं, खामगावला गेले. सासरी जाताना तू पोथी बासनात बांधून माझ्या मांडीवर ठेवलीस. "मले पाठ झाली आता," म्हणालीस. ह्यांची कचेरीत नोकरी, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, तेव्हा कारकुनाची बदली सरळ सातपुड्यापलीकडे हिंदी मुलखात झाली. तिथे भाजीवालीशी बोलतानाही मला रडू यायचं. दुपारी मी पोथी काढायचे, तुझ्यासारखी मोठ्यानं वाचायचे आणि तुझ्या ओसरीवर जाऊन बसायचे. एकदा हे सुट्टीच्या दिवशी ऐकत पडले होते, एकदम हसत उठले. "अगं, माय काय, माळ आहे ती! जपाची माळ!"

मी पान डोळ्यांशी नेलं. खरंच माळ होती. आपल्या तोंडी डोळ्याचा डोया होतो, दोन्ही वेळांच्या दोन्ही वेया होतात, तशी माळेची माय झाली होती. एवढी वर्षं मी समोरचा 'ळ' बघून 'य' म्हणत आले होते आणि देवानं फक्त मणी ओढायला सांगितलं होतं. मला राग आला, मग रडूच फुटलं. पोथीनं सांगितलं म्हणून मी तुझी झाले होते. पोथीनं सांगितलंच नव्हतं, तर मी तुझी कोण?

पहिल्या बाळंतपणाला आले ती मुद्दाम हेच सांगायला, विचारायला. तू मला न्हाऊ घातलंस, तेल लावून केस विंचरलेस, आणि वाटी खाली ठेवता ठेवता शेजारणीला म्हणालीस, "माह्या पोरीचे केस पाह्य, किती दाट हायेत!" मी तोंड मिटलं. तुला दुखवू नये म्हणून मीच मोठेपणानं गप्प बसले, असं मी पुढे कितीतरी वर्षं समजत होते. हे गेले तेव्हा, मुलगा शिकायला लांब गेला तेव्हा, मी तोच अध्याय काढला, त्यात माळ आहे हे माहीत असून मायच वाचलं, आणि दर वेळी बरं वाटलं.

गेल्या वर्षी सून आली. साखरखेर्ड्याची, चार इयत्ता शिकलेली, आणि घुमी. माहेरच्या आठवणीनं ताटावर बसून राहायची. चातुर्मासात माझं वाचन ऐकताना एकदम म्हणाली, "आत्याबाई, माय जपावी असं पोथीतसुद्धा आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "हाव. सांगतलं तं हाय."

माझाच आवाज ऐकून मी दचकले. अगं, तू तर अक्षराअक्षराखाली बोट ठेवून वाचायचीस! तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तेव्हापासून सून दोन्ही वेळा माझ्या गुडघ्यांना शेकायला ऊन पाणी आणते, जवळ बसते, बोलतेही. आणि मी लबाड, डोळे अधू झाले तरी पोथी तिच्या हाती देत नव्हते. पानं उलटायची आणि पाठ म्हणायचं. काल मी शेजारी गेले असताना तिनं चातुर्मास जवळ आला म्हणून पोथी उन्हात घातली. परत आले तर ओसरीवरून तिचा वाचण्याचा आवाज. तिच्या माहेरकडच्या लोकांचा 'ळ' कसा लख्ख असतो. दोन्ही वेळा. माळ. ती थांबली. तेवढंच पुन्हा एकदा वाचलं. मग पानं गोळा करून बासन बांधल्याचं ऐकू आलं. मी दारातच उभी होते.

संध्याकाळी पाण्याची वेळ टळली नाही. तिनं पाणी ठेवलं, माझा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाली, "माय, जास्त ऊन तर नाही ना?"

मी तिला काही विचारलं नाही. तूही मला विचारलं नव्हतंस.

हे पत्र बासनात ठेवणार होते, पण तिला वाचता येतं. उद्या चुलीत घालीन. फक्त एक राहिलं, माय. देवानं सांगितलेली ती माळ मी जन्मात एकदाही हातात धरली नाही.