उस्तादांच्या कॅमेऱ्याचा काळा रंग

उस्ताद, तुमच्या कॅमेऱ्याचा रंग मी काढला. आधी एवढं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल. तसं ते अवघडच. सत्तरी उलटली, अन् सातवीत शाळा सुटल्यापासून एवढं लांब कुणाला लिहिलेलं नाही.

फोटोचं दुकान बंद केलंत त्या दिवशी कॅमेरा तुम्ही माझ्या हातात ठेवलात. तेव्हापासून तो कपाटात होता. तुमच्या माघारी, गेल्या महिन्यात, तुमच्या मुलीचा फोन आला, "काका, बाबांचा कॅमेरा मला द्याल का? रविवारी मंठ्याला येते." हो म्हणालो अन् झोप उडाली. काळ्या रंगाचे पोपडे सुटलेले. ती म्हणेल, काकांनी वाट लावली. म्हटलं, आपणच नवा करावा. इतकी वर्षं तुमच्या हाताखाली काढली, एवढं जमेल.

स्क्रू काढून ताटात ओळीनं मांडले. आठ होते. सारखे मोजत होतो. एकदा नऊ भरले, तेव्हा घामच फुटला. नववा माझ्या चष्म्याचा निघाला.

वरच्या पत्र्याला रंग काढायचं औषध लावलं, जुन्या टूथब्रशनं घासलं, अन् काळ्याखालून पांढरंशुभ्र क्रोम वर आलं. म्हणजे रंग कंपनीचा नव्हताच, तुम्ही दिलेला! अख्खा मंठा त्याला फॉरेनचा काळा कॅमेरा समजत होता. एका लग्नात मी तो नुसता उचलला, तर तुम्ही भर मांडवात ओरडलात, "रुमालानं धर रे! फॉरेनचा रंग हाय, घामानं उतरंल!" नवरदेवाच्या मामानंसुद्धा दचकून हात मागं घेतला होता. त्यानंतर मी तो कायम रुमालात धरला. घामानं का उतरणार होता, ते आता कळतंय.

पण आता तुमची अब्रू माझ्या हातात आली. मुलीला कळता कामा नये. बायकोलाही सांगितलं नाही. पुन्हा काळा करणं आलं. स्प्रे मारला. रंग पक्का बसायला मंद आच लागते, म्हणून कुकरात वाळू पसरली, शिट्टी काढली अन् पत्रा आत ठेवला. तेवढ्यात बायको आली.

"अवो, काय शिजून राह्यलंय?"

"झाकण."

"झाकणाखाली झाकण! मंग वरण कशात लावू, तुमच्या टोपीत?"

पहिल्यांदा रंगाला फोड आले. सगळं घासून पुन्हा केलं. दुसऱ्यांदा जमलं. दोन दिवस वरणाला स्प्रेचा वास येत होता, पण मी भुरके मारून जेवलो.

रविवारी तुमची मुलगी आली. कॅमेरा हातात घेतला, म्हणाली, "काका, नवाकोरा केलात की!" मी फुगलो. मग ती तो फिरवून फिरवून बघू लागली, खिडकीपाशी घेऊन गेली.

"काय शोधून राह्यलीस, बाई?"

"इथं कोपऱ्यात एक केस होता. बाबा घरी रंग देत होते अन् मी मधी डोकं घातलं. माझा केस चिकटला. बाबा म्हणले, राहू दे, एवढ्या लोकांचे फोटो काढतो, तू कॅमेऱ्यातच ऱ्हा."

"म्हणजे... रंग घरी दिला, ते तुला माहीत हाय?"

ती हसली. "काका, सगळ्या गल्लीला माहीत होतं. तुम्हालाच न्हाई?"

मग हसू थांबवून तिनं विचारलं, "तुम्हाला दिसला का तो केस?"

मी म्हणालो, "न्हाई बाई, तिथला रंग आधीच उडाल्ता."

तिनं मान हलवली, ओढणीत कॅमेरा गुंडाळला अन् गेली. खरं सांगावं म्हणून दोनदा फोन हातात घेतला अन् ठेवून दिला. म्हणून तुम्हाला लिहितो. तुम्ही काही तिला सांगणार नाही.

केस दिसला होता, उस्ताद. चांगला लांब होता. औषध लावण्याआधी मी तो चिमट्यानं ओढून काढला, अन् वर फॉरेनच्या कंपनीच्या कामाला नावं ठेवली.